प्रोग्रॅम हँग झाला तरी माउसचा बाण हलतो. तो कोण हलवतं?

कोरी_पाटी
काल एका स्प्रेडशीटमध्ये चाळीस हजार ओळींवर एक सूत्र खालपर्यंत ओढलं. खिडकी आधी पांढुरकी झाली, मग वरच्या पट्टीत 'प्रतिसाद देत नाही' असं आलं. काही क्लिक होईना. माउस हातात धरून तशीच बसले होते आणि सहज लक्षात आलं, की बाण व्यवस्थित हलतोय. कोपऱ्यातलं घड्याळ ४:१७ वरून ४:१८ वर गेलं. मागे गाणं चालू होतं, तेही अडखळलं नाही. म्हणजे कम्प्युटर अडकला नव्हता, एकटी स्प्रेडशीट अडकली होती. मग बाकीचं सगळं कोण चालवत होतं?

उत्तर 'ऑपरेटिंग सिस्टीम' असणार एवढं कळतं. पण ती मला शाळेपासून एकाच वाक्यात माहीत आहे: 'वापरकर्ता आणि हार्डवेअर यांच्यातला दुवा.' ते वाक्य परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत आणि त्यातून आजवर काहीही समजलेलं नाही. हा दुवा दिवसभर करतो काय?

दुसरा प्रश्न: कधीकधी बाणसुद्धा थिजतो. तेव्हा वेगळं काय झालेलं असतं?

व्याख्या नकोत. आत काय घडतं ते कोणी सांगेल का?

अर्धविराम
दुव्याचं वाक्य मलाही पाठ आहे. बसलोय, वाचतो.

टकटक
एका गोष्टीपासून सुरुवात करतो. ती पहिल्यांदा कळली तेव्हा मी बराच वेळ नुसता विचार करत बसलो होतो. तुमची स्प्रेडशीट प्रोसेसरवर चालू असते, तेव्हा त्या प्रोसेसरवर ऑपरेटिंग सिस्टीम चालू नसते.

आपल्याला वाटतं ती वर बसून सगळ्यांवर नजर ठेवते. तसं नाही. प्रोसेसर समोर आलेल्या सूचना एकामागून एक पाळत जातो. त्या स्प्रेडशीटच्या असतील, तर सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो मेमरीत निपचित पडून असतो.

मग ताबा परत कसा मिळतो? प्रोसेसर दुसऱ्याच्या हाती देण्याआधी कर्नल गजर लावून ठेवतो. हा गजर म्हणजे टायमर, हार्डवेअरचाच एक भाग. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधली त्याची एक नेहमीची सेटिंग सेकंदाला २५० ठोक्यांची आहे, म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी एक. ठोका पडला की प्रोसेसर हातातलं काम जिथल्या तिथे थांबवतो आणि कर्नलने आधीच नोंदवून ठेवलेल्या पत्त्यावर उडी मारतो. याला इंटरप्ट म्हणतात. साध्या प्रोग्रॅमला इंटरप्ट बंद करायची मुभाच नाही. त्याने प्रयत्न केला तर प्रोसेसर त्याला तिथेच अडवून कर्नलच्या स्वाधीन करतो.

ताबा आला की कर्नल आधी त्या प्रोग्रॅमची अवस्था जपून ठेवतो: कोणती सूचना चालू होती, रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यांत, कोणते आकडे होते. मग बघतो की आता पाळी कोणाची. गाणं वाजवणाऱ्याची असेल तर त्याची जपलेली अवस्था परत मांडतो आणि प्रोसेसर त्याला देतो. गाण्याच्या प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही की मध्ये आपण थांबलो होतो. हे सगळं काही मायक्रोसेकंदांत उरकतं.

आता बाण. साधा यूएसबी माउस बहुधा सेकंदाला १२५ वेळा विचारला जातो, 'हललास का?' हलला असेल तर इंटरप्ट येतो, माउसचा ड्रायव्हर, म्हणजे माउसशी बोलणारा सिस्टीमचा भाग, आकडे वाचतो, बाणाची नवी जागा ठरते. बाणाचं चित्र बहुतेक ग्राफिक्स कार्डं स्वतंत्र ठेवतात आणि पडद्यावर पाठवताना वरून चिकटवतात. त्यामुळे खालची खिडकी दगडासारखी पडली असली, तरी बाणाला तिच्याकडून काहीच लागत नाही.

वळणवाट
एवढं कशाला हवं? आजच्या प्रोसेसरमध्ये आठ-आठ कोर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, असतात. एक स्प्रेडशीटने धरला, बाकीचे सात मोकळे. बाण त्यातला एक हलवतो.

टकटक
@वळणवाट, कोर जास्त असले की चालण्यात सहजपणा येतो, खरं आहे. पण आत्ता तुमच्या मशीनवर किती प्रोसेस, म्हणजे सुरू असलेले प्रोग्रॅम, आहेत ते बघा. दोन-तीनशे तरी निघतील. आठ कोर दोन-तीनशेंना कसे पुरणार? आणि एकच कोर असतानाही हे चालायचं. एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये सीटीएसएस ही सिस्टीम चालवून दाखवली. एक प्रोसेसर, अनेक माणसं, आणि प्रत्येकाला वाटायचं की मशीन आपल्या एकट्याचंच आहे. मर्म गजरात आहे. कोर किती, हा नंतरचा प्रश्न.

वळणवाट
माझ्याकडे ३१२ प्रोसेस निघाल्या. हरलो. पण मग त्यातल्या बहुतेक समोर सीपीयू, म्हणजे प्रोसेसरचा वापर, ० टक्के का दिसतो?

निळी_शाई
कारण त्या झोपलेल्या असतात. कोणी कळ दाबण्याची वाट बघतंय, कोणी नेटवरून पाकीट यायची, कोणी घड्याळाची. झोपलेल्याला कर्नल रांगेतच उभं करत नाही, म्हणून त्यांचा खर्च जवळजवळ शून्य. कोरी_पाटी, यातच तुझ्यासाठी एक उपयोगी खूण आहे. पुढच्या वेळी खिडकी अडकली की टास्क मॅनेजर उघड. त्या प्रोग्रॅमपुढे सीपीयू भरभरून वापरला जात असेल तर तो गणित करतोय, त्याला वेळ दे. शून्य असेल तर तो कशाची तरी वाट बघत थांबलाय, आणि ते कदाचित कधीच येणार नाही.

गजराबद्दल टकटक म्हणतात ते मी उलट बाजूने अनुभवलंय. विंडोज ३.१ आणि मॅकच्या जुन्या सिस्टीममध्ये प्रोग्रॅमकडून ताबा जबरदस्तीने काढून घ्यायची सोय नव्हती. प्रोग्रॅमने स्वतःहून 'माझं झालं, आता दुसऱ्याला द्या' म्हणायचं, असा करार. म्हणजे सगळा मामला भरवशावर. त्या काळात मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, फाइलमधल्या ओळी मोजणारा. लूपमध्ये ताबा सोडण्याची ओळ घालायची राहून गेली. फाइल मोठी निघाली आणि खिडक्या हलेनात, घड्याळ पुढे सरकेना, माझ्याच खिडकीतलं 'रद्द करा' बटण दाबलं जाईना. अकरा मिनिटं मी पडद्याकडे बघत होते. कोड बरोबर होता, उत्तरही बरोबर आलं, पण एका विसरलेल्या ओळीने सगळं मशीन ओलीस धरलं होतं. विंडोज ९५ ने ३२ बिटच्या प्रोग्रॅमांसाठी गजराची पद्धत आणली. मॅकला त्यासाठी २००१ च्या मॅक ओएस एक्सपर्यंत थांबावं लागलं. तेव्हापासून त्या ४ मिलिसेकंदांच्या ठोक्याबद्दल मला खरोखर कृतज्ञता वाटते.

भिरभिरं
मी दुसऱ्या वर्षाला आहे, हा विषय याच सेमिस्टरला आहे. नोट्समध्ये 'प्रीएम्प्टिव्ह' (गजराने ताबा काढून घेणारी) आणि 'कोऑपरेटिव्ह' (प्रोग्रॅमने स्वतःहून ताबा सोडायची) असा तक्ता होता, सहा मुद्दे. निळी_शाई ताईंची अकरा मिनिटं वाचून तो तक्ता आता लक्षात राहील.

सावली
पांढुरक्या खिडकीबद्दल सांगते, कारण ती गंमत फार थोड्यांना माहीत असते. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीच्या प्रोग्रॅमसाठी निरोपांची रांग असते: क्लिक झालं, कळ दाबली, पुन्हा रंगव. प्रोग्रॅमने त्या रांगेतून निरोप उचलत राहायचं. सुमारे ५ सेकंद त्याने एकही उचलला नाही, तर सिस्टीम खरी खिडकी लपवते आणि तिच्या जागी तशीच दिसणारी एक खोटी खिडकी उभी करते. पांढुरकी दिसते ती हीच. तिला तुम्ही सरकवू शकता, लहान करू शकता, बंदही करू शकता, कारण ती तुमच्या अडकलेल्या प्रोग्रॅमची नसतेच. आपला हात पूर्ण बांधला जाऊ नये म्हणून केलेली सोय आहे ती.

मागे खरी स्प्रेडशीट मान खाली घालून गणित करतच असते. कित्येक लोक तिथे वैतागून 'बंद करा' दाबतात आणि शेवटच्या मिनिटाला पोचलेलं काम घालवतात.

कोरी_पाटी
सावली, मी नेमकं तेच केलं! काल बंद करून परत उघडली. थोडं थांबले असते तर झालं असतं म्हणजे.

टकटक, तुमचं 'तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम चालूच नसते' हे वाक्य दुपारपासून डोक्यात फिरतंय. पण मग स्प्रेडशीटला फाइल वाचायची असेल तर? डिस्कला ती स्वतःच हात लावते?

टकटक
नाही. तिला डिस्क, नेट, पडदा कशालाच थेट हात लावता येत नाही. प्रोसेसरमध्ये दोन पातळ्या असतात. इंटेलच्या चिपमध्ये खरं तर चार आहेत, पण नेहमीच्या सिस्टीम दोनच वापरतात: कर्नलची आणि बाकी सगळ्यांची. खालच्या पातळीवरच्या प्रोग्रॅमने मागणी ठेवायची, 'ही फाइल उघड', 'एवढे बाइट वाच', आणि एका खास सूचनेने कर्नलला उठवायचं. याला सिस्टीम कॉल म्हणतात. कर्नल परवानगी तपासतो, काम करतो आणि उत्तर देऊन परत खाली पाठवतो. एक साधी फाइल उघडून वाचेपर्यंत असे डझनावारी कॉल होतात. लिनक्सवर 'एसट्रेस' नावाचं साधन आहे, त्याखाली कोणताही प्रोग्रॅम चालवून बघा. सगळी बोलणी ओळीने समोर येतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एखाद्याचं टेलिफोनवरचं संभाषण ऐकल्यासारखं वाटलं होतं.

भिरभिरं
आत्ता करून बघितलं. फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवणारी नुसती दोन अक्षरी आज्ञा, आणि पडदाभर ओळी आल्या! सुरुवातीच्या बऱ्याच ओळी तर यादीशी संबंधितच नाहीत, नुसती लायब्ररी शोधणं आणि मेमरी मागणं.

मेमरीवरून आठवलं. एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मेमरीत डोकावू शकत नाही म्हणतात. ते कोण अडवतं? कर्नल झोपलेला असेल तर अडवणार कोण?

निळी_शाई
शाब्बास, अगदी मर्मावर बोट ठेवलंस. अडवतं हार्डवेअर, पण कर्नलने आखून दिलेल्या नकाशावरून.

प्रोग्रॅमला दिसणारा मेमरीचा पत्ता खरा नसतो. मेमरीचे सहसा ४०९६ बाइटचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पानं म्हणू. कर्नल प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एक वेगळा तक्ता ठेवतो: तुझं हे पान खऱ्या मेमरीत अमुक ठिकाणी. प्रत्येक वाचनाच्या वेळी प्रोसेसर त्या तक्त्यावरून पत्ता बदलून घेतो. दुसऱ्याची पानं तुझ्या तक्त्यात नाहीतच, मग तू पोचणार कुठून? मँचेस्टरच्या ॲटलस कम्प्युटरवर १९६२ मध्ये ही कल्पना प्रत्यक्षात आली. घरगुती कम्प्युटरांपर्यंत ती यायला इंटेलची ८०३८६ चिप यावी लागली, १९८५ मध्ये.

तुझ्यासाठी एक प्रयोग. सी मध्ये एक चल घे, त्यात ५ ठेव. 'फोर्क' कॉल करून प्रोसेसची दुसरी प्रत काढ. मुलाच्या प्रतीत त्या चलात ९ लिही. मग दोघांनाही चलाचा पत्ता आणि किंमत छापायला सांग.

भिरभिरं
केलं. दोघांचाही पत्ता अक्षर न अक्षर सारखा. एकात ५, दुसऱ्यात ९. तीनदा चालवून बघितलं. अंगावर काटा आला, खरंच. एकाच घरक्रमांकावर दोन वेगळी घरं!

अर्धविराम
अवांतर: हे फोर्कचं वाचताना जरा शोधलं. प्रोसेसला आई-बाप असतात, मुलं असतात, बाप आधी गेला तर मूल अनाथ होतं आणि त्याला १ नंबरची प्रोसेस सहसा दत्तक घेते, आणि मूल संपल्यावर बापाने चौकशी केली नाही तर ते झॉम्बी होऊन यादीत लटकत राहतं. ऑपरेटिंग सिस्टीम आहे की कौटुंबिक मालिका?

रात्रपाळी
अर्धविराम :) झॉम्बी निरुपद्रवी असतात. मेमरी वापरत नाहीत, नुसती नोंद उरते. मला छळलंय ते दुसऱ्याच प्रकारच्या भुताने.

मी सर्व्हर सांभाळतो. एका रात्री सव्वादोनला इशारा आला, डिस्क १०० टक्के भरली. शोधलं तर एका प्रोग्रॅमची लॉग फाइल, म्हणजे त्याच्या नोंदींची फाइल, ३८ जीबी झालेली. उडवली. परत मोजलं तर डिस्क अजून १०० टक्केच. फाइल यादीत नाही, फोल्डर रिकामं, आणि जागा मात्र परत मिळालेली नाही. मी फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणीच, बिघडली असं समजून रीस्टार्टच्या तयारीला लागलो होतो.

तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने फोनवर सांगितलं, 'एलएसओएफ चालव आणि डिलीटेड शब्द शोध.' कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाइल उघडी धरली आहे ते दाखवणारी ही आज्ञा. सापडली. तोच प्रोग्रॅम ती फाइल अजून उघडी धरून तिच्यात लिहीत होता.

युनिक्सच्या घराण्यात (लिनक्स त्यातलंच) फाइल आणि फाइलचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल म्हणजे एक आयनोड: मालक कोण, आकार किती, डेटा डिस्कवर कुठे. नाव म्हणजे फोल्डरमधली एक ओळ, जी त्या आयनोडकडे बोट दाखवते. आपण 'उडवतो' तेव्हा फक्त ती ओळ जाते. शेवटचं नाव जाईपर्यंत आणि शेवटचा उघडा हात सुटेपर्यंत फाइल जिवंत. प्रोग्रॅम रीस्टार्ट केला, ३८ जीबी एका क्षणात मोकळे.

त्या रात्री मला कळलं की डिलीट म्हणजे पुसणं नाही. तेव्हापासून कोणी जुनी हार्ड डिस्क दुसऱ्याला देत असेल तर मी हात धरून थांबवतो. नावं गेली तरी डेटा बहुधा तिथेच असतो. संपूर्ण डिस्क पुसा, मगच द्या.

वळणवाट
हे उपयोगाचं. आता एक भांडण उकरतो. माझ्या मशीनवर मेमरी कायम ८०-९० टक्के भरलेली दिसते. मी मेमरी साफ करणारं ॲप टाकलंय. दाबलं की ४० वर येते. निळी_शाई म्हणतील तो नकाशा वगैरे ठीक, पण रिकामी मेमरी बरी की नाही?

निळी_शाई
नाही. रिकामी मेमरी म्हणजे वाया चाललेली मेमरी. कर्नल उरलेल्या जागेत डिस्कवरून वाचलेल्या फाइलींच्या प्रती ठेवतो, पुन्हा लागल्या तर हाताशी असाव्यात म्हणून. कोणा प्रोग्रॅमला जागा हवी झाली की त्यातल्या बहुतेक प्रती तत्काळ टाकून देता येतात. म्हणूनच लिनक्समध्ये 'फ्री' आणि 'अव्हेलेबल' असे दोन आकडे दाखवतात. बघायचा तो दुसरा. तुमचं ॲप त्या हाताशी ठेवलेल्या प्रती फेकून देतं आणि पुढच्या मिनिटाला त्या पुन्हा डिस्कवरून आणाव्या लागतात.

वळणवाट
दाबल्यावर आकडा खाली येतो आणि ब्राउझर पुढची पाचेक मिनिटं जड चालतो, हे मी बघत होतो. दोन्हीचा संबंध लावला नव्हता. काढून टाकलं ॲप.

चौथा_कोपरा
मी छोट्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, तिथल्या ऑपरेटिंग सिस्टीमना रिअल-टाइम म्हणतात. पाळी कोणाची, हा प्रश्न तिथे जिवावरचा असतो. एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

४ जुलै १९९७ ला मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही सिस्टीम होती. काही दिवसांत त्याचा कम्प्युटर मध्येच आपोआप रीसेट व्हायला लागला. झालं असं: यानातल्या माहितीची देवाणघेवाण सांभाळणारं काम सर्वांत महत्त्वाच्या कामांपैकी. हवामानाची नोंद घेणारं काम कमी महत्त्वाचं. दोघं एकच कुलूप वापरायचे. हवामानवाल्याने कुलूप घेतलं आणि तेवढ्यात मधल्या दर्जाचं, बराच वेळ घेणारं तिसरंच काम जागं झालं. मधला खालच्याला बाजूला सारतो, खालचा पुढे सरकत नाही म्हणून कुलूप सुटत नाही, आणि कुलूप सुटत नाही म्हणून सगळ्यांत वरचा खोळंबतो. म्हणजे मधल्याने वरच्याला अडवलं, त्याच्याशी काही देणंघेणं नसताना. राखणदार टायमरने पाहिलं की महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही, आणि सगळं रीसेट.

पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर इंजिनिअरांनी तो प्रसंग पुन्हा घडवून आणला. उपाय सिस्टीममध्ये आधीच होता, फक्त बंद होता: कुलूप धरलेल्या खालच्याला तेवढ्यापुरता वरच्याचा दर्जा उसना द्यायचा. ती सेटिंग चालू करणारा बदल मंगळावर पाठवला आणि रीसेट थांबले.

नुसतं 'महत्त्वाच्या कामाला आधी पाळी' एवढ्याने भागत नाही, हे मी नव्या माणसांना याच गोष्टीवरून सांगतो.

अर्धविराम
कोट्यवधी किलोमीटरवरच्या यंत्राची सेटिंग बदलली! वाचनखूण साठवली.

रात्रपाळी
कर्नल स्वतःच चुकला तर काय, हेही यायला हवं. जुलै २०२४ मध्ये एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर आली, विमानतळांपासून हॉस्पिटलांपर्यंत. साधा प्रोग्रॅम चुकीच्या पत्त्यावर गेला तर कर्नल त्या एकट्याला संपवतो. पण ते सॉफ्टवेअर कर्नलच्या पातळीवर चालत होतं. तिथे चूक झाली की पुढे काय खरं, काय खोटं याचा भरवसा उरत नाही. तेव्हा डेटा बिघडण्यापेक्षा सगळं थांबवणं बरं, म्हणून निळा पडदा.

चौथा_कोपरा
म्हणूनच मी म्हणतो, कर्नल लहान हवा. ड्रायव्हर, फाइलसिस्टीम सगळं बाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखं. ड्रायव्हर पडला तर परत सुरू करा.

टकटक
हा वाद १९९२ पासून चालू आहे. मिनिक्स ही लहान कर्नलची सिस्टीम लिहिणारे टॅनेनबाउम म्हणाले लिनक्सची रचना जुनाट आहे, लिनक्सचे कर्ते टोरवाल्ड्स यांनी तितक्याच जोरात उत्तर दिलं. कर्नलचे तुकडे केले की तुकड्यांमधली निरोपांची ये-जा वाढते आणि तिला वेळ लागतो, ही खरी अडचण.

चौथा_कोपरा
ती किंमत बरीच कमी झाली आहे. आणि यान, गाडी, हृदयाचं यंत्र अशा ठिकाणी मी ती आनंदाने मोजेन.

टकटक
तिथे मीही मोजेन. फोन-लॅपटॉपसाठी माझं मत कायम आहे.

कोरी_पाटी
मंगळावर जाऊन आलात, आता माझ्या बाणाकडे या! दुसरा प्रश्न राहिला. आजच पुन्हा झालं. जुना लॅपटॉप, चाळीसेक टॅब, वर व्हिडिओ कॉल. बाण दोन-तीन सेकंद जागेवर, मग उडी मारून भलतीकडे, परत थिजला. गाणंही तुटत होतं.

निळी_शाई
उडी मारून पुढे गेला म्हणजे तू केलेली हालचाल हरवली नव्हती. ती पोचली होती, तिची दखल उशिरा घेतली गेली. लक्षण ओळखीचं आहे. लॅपटॉपची मेमरी किती?

कोरी_पाटी
४ जीबी. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९७ टक्के, आणि डिस्क सतत १००.

निळी_शाई
मग हे थ्रॅशिंग. सगळ्यांची पानं मेमरीत मावत नाहीत तेव्हा कर्नल काही पानं डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागली की परत आणतो. अधूनमधून झालं तर चालतं. पण ज्यांची सतत गरज आहे अशीच पानं मावेनाशी झाली, की एक आणायला दुसरं बाहेर काढायचं, आणि ते काढलेलं पुढच्याच क्षणाला हवं असतं. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये यावर लिहिलं, आजही तसंच लागू आहे.

अंतर किती ते बघ. मेमरीतून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद. ते एक सेकंद मानलं, तर एसएसडीवरून आणणं म्हणजे सोळा-सतरा मिनिटं, आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून म्हणजे सव्वा दिवस. तुझा लॅपटॉप आळशी नाही, तो सारखा रस्त्यात आहे.

बाण यात सापडतो, कारण पडदा रचणाऱ्या प्रोग्रॅमचीही पानं बाहेर गेलेली असू शकतात. माउस हलल्याचं कर्नलला कळतं, पण पुढचं काम ज्याने करायचं तो स्वतःच डिस्कच्या दारात उभा असतो.

टकटक
आणि दुसरी शक्यता, बाण कायमचा थिजतो तेव्हाची: कर्नलच अडकला. एखादा ड्रायव्हर इंटरप्ट बंद करून बसला आणि परत चालूच केले नाहीत, तर गजराचा ठोका पोचणार कुठे?

या दोन्हींत फरक करायची एक जुनी युक्ती आहे. कॅप्स लॉक दाबा. बहुतेक कीबोर्ड तो दिवा स्वतः लावत नाहीत. कळ दाबल्याची बातमी वर सिस्टीमकडे जाते आणि सिस्टीम उलट सांगते, 'दिवा लाव.' दिवा लागला तर आत कोणीतरी जागं आहे, थांबा, टॅब बंद करा. बराच वेळ लागलाच नाही तर पॉवरचं बटण दाबून धरण्याशिवाय गत्यंतर नाही.

रात्रपाळी
छोटी पुरवणी. दिवा लागला तर खात्रीने जिवंत, पण नाही लागला म्हणजे मेला असं लगेच ठरवू नका. लिनक्सवर पुष्कळदा तो दिवा पडदा रचणारा प्रोग्रॅमच लावायला सांगतो. तो एकटा अडकला असेल तर कर्नल धडधाकट असूनही दिवा लागणार नाही. अशा वेळी मी दुसऱ्या मशीनवरून नेटने आत शिरता येतं का बघतो. पुष्कळदा येतं, आणि काम वाचतं.

सावली
याच जातीची आणखी एक: कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी पहिल्या पीसीसाठी ती रीस्टार्टची सोय म्हणून केली. पुढे विंडोज एनटीमध्ये तिला वेगळंच काम मिळालं. कळांची ही जुळणी थेट सिस्टीमकडेच जाते, कोणत्याही साध्या प्रोग्रॅमला ती मधल्यामध्ये पकडता येत नाही. म्हणून लॉगिनच्या आधी ती दाबायला लावायचे: नंतर समोर येणारी पासवर्डची चौकट खऱ्या सिस्टीमची आहे, कोणा प्रोग्रॅमने रंगवलेली नाही, याची हमी.

कोरी_पाटी
आत्ता मुद्दाम सगळे टॅब उघडले आणि व्हिडिओ चालू केला. बाण थिजला. कॅप्स लॉक दाबलं. काही नाही. मनात मोजायला लागले, एक, दोन, तीन, चार... सहाला दिवा लागला. टॅब एकेक करून बंद केले, पंचवीस उरले तेव्हा बाण सुरळीत झाला आणि डिस्क १०० वरून ४ टक्क्यांवर आली.

आता स्प्रेडशीटकडे वळते. तेच सूत्र परत ओढलंय. खिडकी पांढुरकी झाली आहे, सीपीयू २५ टक्क्यांवर स्थिर. चार कोर आहेत, म्हणजे त्यातला एक पूर्ण तिच्याकडे, बरोबर ना? या वेळी बंद करणार नाही.

टकटक
बरोबर. थांबा.

कोरी_पाटी
नऊ मिनिटं लागली. झालं!